सव्वातीन-एकोणीस

४ मार्च, जेवणाच्या सुट्टीत

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच वहिनीकडे सरकवलंस, तर वहिनी, तेवढं त्याला परत दे. त्याचंच आहे.

मी बरा आहे. बरा म्हणजे उभा आहे. घर सोडल्याला दोन वर्षं होत आली, सहा गावं झाली, आणि आता नव्या गावात उतरलो की पिशवी टेकवायला कोपरा शोधायचा, बस. मध्ये एका नावेवर तिकिटांना भोकं पाडायचो. एका ठिकाणी अंडी दिव्यासमोर धरून आत काही धरलंय का ते बघायचं काम होतं. ते मला फार आवडलं होतं. दिवसाला दोन हजार अंडी आणि प्रत्येकाच्या आत उजेड. पण मुकादम म्हणाला, तू अंडी बघत बसतोस, तपासत नाहीस. ते असो.

इथं अकरा महिने टिकलोय. माझ्यासाठी हे म्हणजे ठाण मांडून बसल्यासारखंच. दुकान जुन्या मोटरसायकलींचं आहे. लोक काकांच्या, आजोबांच्या गंजलेल्या गाड्या टेम्पोत घालून आणतात आणि म्हणतात, होती तशी करून द्या. मालकाला सगळे 'सावकाश' म्हणतात, कारण तो दिवसातून शंभरदा तेवढंच म्हणतो. त्याच्याखेरीज चाकवाल्या मावशी आहेत. रिममध्ये तारा भरायच्या आणि चाक सरळ करायचं, हे त्यांचं काम. एकेका तारेला पान्यानं टिचकी मारतात आणि कान लावतात. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "तू बसलास की तुझा पाय हलतो. माझ्या चाकाजवळ बसू नकोस, त्याला तीच सवय लागेल."

माझ्याकडे टायर-ट्यूब आहे. हो, माझ्याकडेच. हसू आलं तर हस.

मुद्दा राहिलाच. गेल्या आठवड्यात वहिनीशी बोललो. तुला गोदामात खोके मोजायचं काम लागलंय आणि ते बारा किलोमीटर लांब आहे, म्हणून तू बाबांची गाडी पडवीतून बाहेर काढलीस, असं ती म्हणाली. मागच्या चाकात मेकॅनिकनं नवी ट्यूब टाकली. पुढच्याला हवा भरली, ती टिकली, म्हणून ते उघडलंच नाही. पुढच्या महिन्यापासून तू गाडीवर जाणार.

एवढंच सांगायचंय की पुढचं चाकही उघडून घे. हवा टिकतेय यावर जाऊ नकोस. तोवर गाडी चालवू नकोस.

मनगट कसं आहे ते विचारणार नव्हतो. विचारलं.

तुझा
भिंगऱ्या


१९ मार्च, दुपारी

दादा,

वहिनी म्हणाली की तू पत्र वाचलंस, घडी घातलीस आणि म्हणालास, "पावणेदोन वर्षांनी तोंड उघडलं, तेही पुढच्या चाकाबद्दल. चाक चांगलं आहे म्हणावं." मी तिला म्हटलं, तूच त्याला जरा समजाव. ती म्हणाली, "कारण असेल तर त्याला लिही. तुम्हा दोघांच्या मधली मी पोस्टमन नाही."

कारण आहे. मागचा आठवडाभर मी ते लिहायला बसतो आणि भलतंच काहीतरी लिहितो. काल पानभर मावशींच्या मांजराबद्दल लिहिलं होतं. फाडलं.

तर ऐक. ट्यूबच्या व्हॉल्व्हवर, बाहेरून, रिमच्या भोकापाशी एक छोटा नट असतो. तुला माहीत आहे, हवा भरताना टोपण काढलं की दिसतो तो. मला वाटायचं तो घट्ट आवळायचा. नट असतोच कशाला? पण जुन्या गाड्यांत तो रिमला आवळायचा नसतो. वर घेऊन टोपणाला टेकवून ठेवायचा, सैल. सावकाशनं मला खाली बसवून दाखवलं. ब्रेक मारला किंवा गाडीनं ओढ घेतली की टायर रिमवर केसभर सरकतो. आज केसभर, उद्या केसभर. टायरबरोबर आतली ट्यूब सरकते आणि व्हॉल्व्ह भोकात तिरका होतो. "तिरका दिसला की समज, टायर तुला सांगतोय," सावकाश म्हणाला, "हवा सोड, सरळ कर, पुन्हा भर. पण नट आवळलेला असला तर तो तिरका होत नाही. सांगत काहीच नाही. एक दिवस मुळापासून उपटतो आणि सगळी हवा एका श्वासात."

ते ऐकलं तेव्हा माझ्या हातात टायर उचकटायची लिव्हर होती. ती मी खाली ठेवली आणि मागं नळावर जाऊन उगाच हात धुतले. हे जानेवारीत झालं, टायर-ट्यूब माझ्याकडे आली तेव्हा. म्हणजे मला दोन महिने माहीत होतं, आणि तू गाडी काढली नसतीस तर मी अजूनही लिहिलं नसतं. हेही घे त्यात.

आपल्या गाडीच्या दोन्ही ट्यूब मी बसवल्या होत्या, शनिवारी. तुला आठवत असेल, तू पाटी रंगवत होतास, घड्याळजीची, निळ्यावर पिवळं अक्षर. मान वर न करता म्हणालास, "नीट कर रे. तुझ्या हातचं सगळं अर्धवट असतं, हात लावला की निघून येतं." बरोबरच होतं तुझं. मी लावलेला नळ गळायचा, मी ठोकलेला खिळा निघायचा. म्हणून त्या दिवशी ते दोन नट मी असे आवळले की बोटं लाल झाली. मनात म्हटलं, आता कर तक्रार.

सोमवारी तू ती पाटी पाठीला बांधून निघालास आणि गावातल्या जुन्या गोदामाच्या भिंतीपाशी वळताना मागचं चाक बसलं.

लोक म्हणाले वेग. बाबा म्हणाले, "वेग, दुसरं काय." तुला पडल्याचं काहीच आठवत नव्हतं, आणि प्लॅस्टर बांधलेला हात मांडीवर घेऊन तू बाबांसमोर म्हणालास, "असेल. डुलकी लागली असेल. माझीच चूक." वहिनी उठून आत गेली. मी तिथंच होतो, दाराला टेकून. कारण गाडी ओढून घरी आणली ती मी, आणि चाकही मीच आधी पाहिलं होतं. व्हॉल्व्ह मुळातून तुटला होता. ट्यूब आत लोळागोळा आणि व्हॉल्व्हची दांडी मात्र रिमवर ताठ उभी, माझ्या नटानं धरलेली. का ते मला तेव्हा कळलं नव्हतं, शपथ. पण कुणाच्या हातचं आहे ते कळलं होतं. ट्यूब मागच्या नाल्यात टाकली. तू विचारलंस तेव्हा म्हटलं, कचऱ्यात गेली.

तू जागा होतास, दादा. तुझा वेग बेताचाच होता. तुझ्या हातून काही झालं नाही.

पुढच्या चाकावर दुसरा नट अजून तसाच आहे. मोठ्या उतारावर तू ब्रेक मारशील. चालवू नकोस.

भिंगऱ्या


६ एप्रिल, दुकान बंद, रविवार

दादा,

तुझं चाक आलं.

त्याआधी वहिनीनं सांगितलं होतं की तू माझं पत्र बाबांच्या पुढ्यात ठेवलंस आणि चहा करायला गेलास. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग तुझ्यामागे स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "मला वाटलं वेग." तू म्हणालास, "मलाही तेच वाटलं होतं." मग चहा तिघांनी एकत्र बसून घेतला. वहिनी म्हणाली, पुष्कळ दिवसांनी. ती फोनवर रडतेय की तिला सर्दी झालीय ते कळेना, मीही विचारलं नाही.

मला वाटलं होतं आता एक तर शिव्या येतील, नाहीतर काहीच येणार नाही. मालगाडीच्या पार्सलातून पोत्यात शिवलेलं चाक येईल असं नव्हतं वाटलं. तारेला पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता, त्यावर पत्ता, आणि मागं दोन शब्द: "तूच बसव."

डाव्या हातानं लिहिलंयस. गावातल्या निम्म्या दुकानांवर तुझं अक्षर आहे. लोक तुझ्या 'श'साठी थांबायचे. आणि या पुठ्ठ्यावर 'ब' एकीकडे आणि 'स' दुसरीकडे, पहिलीतल्या पोरासारखं. मी तो पुठ्ठा खिशात घालून फिरतोय. मावशी म्हणाल्या, काय रे, कुणाची चिठ्ठी? म्हटलं, दादाची. त्या म्हणाल्या, "बघू." पाहिलं आणि परत दिला. मग म्हणाल्या, "चाक आधी मी बघते, तारा ढिल्या असतील." एरवी त्यांना चाक द्यायला लोक दोन-दोन महिने थांबतात.

आता पुढचं लिहायचं आहे आणि हात दुखल्यासारखा वाटतोय. खरा नाही दुखत, तुझा दुखतो तसा तर नाहीच.

नट पान्याशिवाय सुटला नाही. एवढा आवळला होता. टायर उतरवला. आत दुकानाचा कागदी स्टिकर तसाच चिकटलेला, त्यानं ट्यूबवर घासून पांढरा डाग पाडलेला. तारांची टोकं झाकायला रिमभर जी पट्टी लागते ती एका ठिकाणी दुमडलेली. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं, ते राहू दे. पण ट्यूब बाहेर काढली, झटकली आणि सावकाशनं ती माझ्या हातातून घेतली. छपाई असते ना तिच्यावर, मापाची, ती त्यानं अंगठ्यानं पुसली.

आपल्या गाडीचं माप सव्वातीन-एकोणीस. ट्यूब होती अठराची, इंचभर लहान.

त्यानं ती ताणून उजेडासमोर धरली. मुळाशी, व्हॉल्व्हभोवती, रबर इतकं पातळ झालं होतं की मला ती अंडी आठवली.

"कुणी बसवली?"

"होता एक गाढव."

"गाढवाला वाचता येत होतं?"

मी दुमडलेली पट्टी सरळ करायला लागलो.

"येत असेल तर गाढवावर टाकू नकोस," म्हणाला आणि ट्यूब माझ्या गळ्यात अडकवून निघून गेला.

वाचता येत होतं, दादा. त्या शनिवारी तू मला सांगितलं होतंस, एकोणीसच्याच आण. दुकानदार म्हणाला, एकोणीसच्या ट्यूब सोमवारी येतील, अठराची आहे, ओढली की बसते, पण मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. मी त्याला थांबतो म्हणू शकलो असतो. पण पोरं ट्रकमधून निघाली होती. खाडीत वाळूवर एक जहाज रुतलं होतं, आठवतंय? पेपरात फोटो आला होता. मला ते बघायचं होतं. म्हणून अठराच्या दोन घेतल्या, ओढून बसवल्या, कागदी खोके चुलीत टाकले आणि नट आवळून ट्रकवर चढलो. आम्ही पोचलो तोवर भरती आली होती आणि जहाज निघून गेलं होतं. वाळूत नुसता खड्डा होता, त्यात पाणी. तोच बघून आलो.

गेल्या पत्रात मी नटाचंच लिहिलं. नटाचं सांगणं सोपं होतं. ते अज्ञान होतं, अज्ञानाला लोक माफ करतात. नुसत्या नटानं एवढ्या लवकर उपटलं नसतं, असं सावकाश म्हणतो. दोन दिवसांत तर नाहीच. आधीच ताणलेली होती म्हणून.

नवी ट्यूब टाकून, टायर चढवून चाक परत पाठवलं असतं तर तुला कधी कळलं नसतं. अठराची ट्यूब इथल्या नाल्यात गेली असती, पहिलीसारखी. काल दिवसभर मी हाच विचार करत होतो. "तूच बसव" असं तू नटाचं वाचून लिहिलंयस. हे वाचल्यावर लिहिलं असतंस का, मला माहीत नाही.

दमलोय मी. हे लिहून नाही, हे न लिहिता सहा गावं फिरून.

भिंगऱ्या


१५ एप्रिल, तुझ्या गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीच्या पायरीवर

दादा,

सोबतचं पत्र मी पोस्टात टाकलं नाही. दोनदा पेटीपर्यंत जाऊन आलो. एकदा पेटीचा रंग कसा उडालाय ते बघत बसलो, दुसऱ्यांदा पोस्टमननंच विचारलं, टाकायचंय की नाही? म्हटलं, नाही, हातानंच देईन.

चाक तयार आहे. ते सांगतो आधी, कारण तेवढं एक मी नीट केलंय.

मावशींनी तारा सरळ केल्या, वर आलेली टोकं कानशीनं घासली. पट्टी नवी. स्टिकर खरवडून काढला. ट्यूब निवडायची वेळ आली तेव्हा सावकाशनं दोन काढून समोर ठेवल्या, दोन्ही सव्वातीन-एकोणीस. मी छपाई तीनदा वाचली. एक जाड, काळी. तिची हवा चार-चार महिने जात नाही. दुसरी साध्या रबराची, मऊ, ती दर आठवड्याला थोडी हवा सोडते. मी काळीकडे हात केला. तो म्हणाला, "चार महिने हवा जात नाही, म्हणजे चार महिने चाकाकडे कुणी बघत नाही." मी हात मागं घेतला. मग म्हणाला, "आपापलं ठरव. काळी वाईट नाही. घरात बघणारं कुणी असेल तर मऊ."

मी मऊ घेतली.

ट्यूबला पावडर लावली. ट्यूबमध्ये फुंकरीएवढी हवा भरून, गोल झाली की मगच आत बसवली. टायरची शेवटची वीतभर कड लिव्हरनं नाही, अंगठ्यांनी चढवली, कारण लिव्हरखाली ट्यूब चिमटते. मग हवा भरली, पूर्ण सोडली, पुन्हा भरली, आत सुरकुती असली तर निघावी म्हणून. हे सगळं मी तीनदा केलं. पहिल्या दोन वेळा सावकाशनं बघून नुसतं "उतरव" म्हटलं. तिसऱ्यांदा बघितलं आणि सरळ जेवायला गेला. निघताना मावशींनी विचारलं, परत येणार का? म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, "आज तुझा पाय हलत नाहीये."

बसमध्ये चाक मांडीवर घेऊन आलो, अकरा तास. वाहक म्हणाला, याचं अर्धं तिकीट लागेल. मग त्यानंच खिडकीची जागा दिली.

आता असं कर. या पाकिटात दोन पत्रं आहेत, हे आणि सहा तारखेचं. आधी ते वाच. अठराची जुनी ट्यूब मी बरोबर आणलीय, नाल्यात टाकलेली नाही. बाबांनाही दाखव. वहिनी दारात आली तर पाकीट तिच्या हातात देईन. या एका वेळेला तिनं पोस्टमन व्हावं.

वाचून झाल्यावर दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाही उघडलंस तर चाक भिंतीला टेकवून ठेवीन आणि दुपारच्या बसनं जाईन. मेकॅनिककडून चढवून घे. नट सैल आहे, टोपणाला टेकवलेला, कुणालाही आवळू देऊ नकोस. व्हॉल्व्ह सरळ आहे. तो तिरका दिसला तर थांब.

उघडलंस तर एवढंच सांगायचंय की या ट्यूबची हवा दर आठवड्याला बघावी लागते. ते काम करायला मी आलोय.

मी बाहेर आहे. चाक धरून.